खणांनी मोजलेलं घर

किनवटच्या जुन्या माणसाला तुमचं घर केवढं असं विचारलं, तर तो फूट सांगत नाही. ‘तीन खणी’, ‘पाच खणी’, नाहीतर ‘सात खणी, पुढं ओसरी’ असं उत्तर येतं. खण म्हणजे लाकडी चौकटीतल्या दोन खांबांमधली जागा. आमच्याकडं ती साधारण पाच ते सहा फुटांची असते. घर वाढवायचं म्हणजे खण वाढवायचे, भावाला वाटणी द्यायची म्हणजे खण द्यायचे, आणि गावच सोडायचं ठरलं तर खण उकलून बैलगाडीत घालायचे. मी सुताराच्या घरात जन्मलो आणि नोकरीची सगळी वर्षं पोरांना लाकूडकाम शिकवलं. त्यामुळं कुठल्याही जुन्या घरात शिरताना माझी नजर आधी खांबाकडं जाते. आमच्या घरांचा इतिहास मात्र बहुतेक भिंतींचाच लिहिला गेला. दगड कुठला, चिरे कसे घडवले, दरवाज्यावर नक्षी कोणती, याची वर्णनं भरपूर सापडतात. घराला उभं ठेवणाऱ्या चौकटीबद्दल दोन ओळीही मिळत नाहीत.

सध्या सुटे भाग आधी तयार करून जागेवर नुसते जोडायच्या घरांची मोठी चर्चा आहे. त्यांना मॉड्युलर घरं म्हणतात, आणि ती पर्यावरणाला झेपणारी असावीत म्हणून लाकूड, बांबू, माती यांच्याकडं पुन्हा वळण्याची भाषा सुरू आहे. अशा चर्चेत चीनच्या जुन्या लाकडी बांधकामाचा दाखला हमखास येतो. तो योग्यच आहे. पण तीच रीत पैनगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत होती आणि ती माझ्या वडिलांच्या हातात होती. ती कशी होती आणि कुठं गेली, हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

किनवट तालुका आज नांदेड जिल्ह्यात आहे. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आमच्याबरोबर राजुराही नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली तिकडं चांदा जिल्ह्यात गेला. आम्ही राहिलो. म्हणून आमचा मुलूख मराठवाड्याचा असूनही मराठवाड्यासारखा दिसत नाही. लातूर, धाराशिवकडं (पूर्वीचं उस्मानाबाद) उघडी माळरानं. इकडं सागाचे डोंगर. तिकडं पाऊस बेताचा. इकडं तो चांगलाच पडतो. पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर यवतमाळ, दक्षिणेला तेलंगण. गावांत गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा अशी वस्ती, आणि वर माहूरच्या रेणुकेला जाणाऱ्या यात्रेकरूंची कायमची वर्दळ. घर बांधायच्या दोन रीती इथं एकमेकींना भेटल्या: पठारावरच्या वाड्याची आणि डोंगरातल्या कुडाच्या खोपटाची.

दोन्हींच्या मुळाशी साग आहे. सागाच्या लाकडात तेल असतं, त्यामुळं वाळवी त्याच्या जून गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. नीट वाळलेला साग पावसाळ्यात फारसा फुगत नाही आणि उन्हाळ्यात आकसतही नाही. सांध्यावर घर उभं करायचं तर हाच गुण सगळ्यात महत्त्वाचा. एकदा घट्ट बसवलेला सांधा शंभर वर्षं तसाच राहावा लागतो आणि उकलायची वेळ आली तर न फुटता सुटावाही लागतो. पेशव्यांनी १७३० साली पुण्यात शनिवारवाड्याचं काम काढलं तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून आणला, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून. आमच्या भागातल्या सावकार-देशमुखांना एवढं लांब जावं लागत नव्हतं. डोंगर दारातच होता.

खणाचं घर कसं उभं राहत असे, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाऊस संपून लाकडातलं पाणी उतरलं की तोड व्हायची. ओंडके तासून चौकोनी करायचे, सावलीत रचून वाळवायचे. मग वडील गज काढायचे. सुताराचा गज चोवीस तसूंचा. एका घराला एकच गज, अगदी शेवटचा वासा बसेपर्यंत. दुसऱ्या मिस्त्रीचा गज त्या कामावर येऊ द्यायचे नाहीत, कारण दोन गजांत केसभर फरक असला तरी सात खणांच्या टोकाला तो बोटभर होतो. गजावरून खण ठरायचा, खणावरून खांबाची जाडी, खांबावरून तुळईची, तुळईवरून हस्ताची, म्हणजे खांब आणि तुळई यांमधल्या आडव्या तुकड्याची. म्हणजे सगळं घर एका मापातून निघायचं. त्यासाठी कागदावर नकाशा लागत नव्हता. यजमानानं ‘पाच खणी, मधल्या खणात दार’ एवढं सांगितलं की वडील लाकडाची यादी तोंडानं सांगायचे: इतके खांब, इतके हस्त, इतक्या तुळया, इतके सर, म्हणजे घराच्या लांबीनं जाणारी आडवी लाकडं.

खण बहुधा विषम. तीन, पाच, सात. दार मधल्या खणात यावं आणि दोन्ही अंगाला सारखं वजन पडावं, हा त्यातला सुताराचा हिशेब. घरमालकाच्या लेखी तो शकुनाचा भाग होता. दोन्ही कारणं एकाच जागी पोचत होती, म्हणून कोणी वाद घातला नाही.

सगळं काम जमिनीवर व्हायचं. खांबाच्या डोक्याला कुसू काढायचा, हस्ताला आणि तुळईला साल, म्हणजे कुसू बसेल अशी खाच, पाडायची. कुसू सालीत गेला की आडवं भोक पाडून त्यात लाकडाचीच मेख ठोकायची. लोखंडी खिळा सांध्यात वापरत नसत. खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, कुजतं, आणि खिळा काढताना सांधा फुटतो. प्रत्येक जोडाच्या दोन्ही तोंडांवर पटाशीनं खुणा करायच्या: एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीवर रेघ. कुठला कुसू कुठल्या सालीचा, हे त्या खुणा सांगत. मग एखाद्या चांगल्या दिवशी अख्खं गाव जमायचं. दगडी तळखडे आधीच पाणसळीत बसवलेले असायचे. त्यांवर खांब उभे राहायचे, हस्त चढायचे, तुळया चढायच्या, आणि संध्याकाळपर्यंत घराची आकृती उभी दिसायची. भिंत अजून एक वीतही नसायची.

भिंत नंतर यायची, हीच या रीतीतली मुख्य गोष्ट. छपराचं वजन खांबावर, खांबाचं तळखड्यावर. भिंतीनं फक्त वारा, पाऊस, जनावर आणि नजर अडवायची. म्हणून ज्याला जे परवडेल ते त्यानं भिंतीला घालावं. देशमुखानं घडीव दगड घातला, कुणब्यानं माती आणि धोंडे घातले, गरिबानं कुड घातला. चौकट तिघांचीही तीच. छपराचंही तसंच. लातूर-नांदेडच्या पठारावर त्याच तुळयांवर किलचनं पसरून, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद घालत. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून त्यात साणं ठेवत. आमच्याकडं पाऊस जास्त, माळवद टिकायचं नाही. म्हणून आम्ही त्याच खणांवर आढं चढवून दोन पाख काढले आणि वर कवेलू घातली. खालची चौकट बघितली तर लातूरकडच्या औशाचं घर कुठलं आणि किनवटचं कुठलं, ते सांगता येणार नाही.

वाटणीचा प्रसंग मला चांगला आठवतो. आमच्याच गल्लीत दोन भावांचं सात खणी घर होतं. थोरल्यानं चार खण ठेवले आणि धाकट्यानं तीन खण घेऊन मांडवीकडं शेतावर जायचं ठरवलं. वडिलांना बोलावलं. थोरला म्हणाला, “मिस्तरी, माझ्या चार खणांना तडा जाऊ नका देऊ, बाकी त्याचं त्यानं न्यावं.” वडिलांनी कवेलू उतरवली, वासे उतरवले, मेखा उलट्या बाजूनं ठोकून काढल्या आणि तुळई सरळ वर उचलून घेतली. कुठं करवत लागली नाही. तुटलेल्या बाजूला त्यांनी थोरल्यासाठी एक नवी खांबांची रांग बसवली, कारण मधली रांग आधी दोघांच्या खणांना सामाईक होती. तेवढंच नवं लाकूड लागलं. तीन खण गाडीतून गेले आणि पाऊस लागायच्या आत मांडवीला उभे राहिले. भिंती मात्र कोणी नेल्या नाहीत. त्या तिथंच पडल्या आणि त्यांची माती परत परसात पसरली.

डोंगरातल्या पोडांवर ही गोष्ट आणखी हलकी होती. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. तिथं खांब तळखड्यावर नसून जमिनीत पुरलेले असतात आणि भिंती कुडाच्या. बांबूच्या कामट्या, तुराट्या, पऱ्हाट्या विणून कुड जमिनीवरच तयार करायचा, उचलून खांबांमध्ये उभा करायचा, दोरानं बांधायचा आणि शेणमातीनं लिंपायचा. एक कुड म्हणजे एका खणाची भिंत. कुजला तर तेवढाच बदलायचा. शेताची जागा बदलली, पाणी आटलं, गावात आजार शिरला, तर वस्ती उठायची आणि जाताना चांगले खांब बरोबर न्यायची. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञानं १९४० नंतरच्या काळात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून अभ्यास केला. १९४८ साली त्यांचं या लोकांवरचं पुस्तक निघालं. आमचा तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. जागा सोडून नव्या जागी गाव वसवण्याची इथल्या माणसांची जुनी सवय त्यांनी नोंदवून ठेवली आहे. मी सुतार म्हणून त्यात एवढंच घालीन, की घर उकलता येत होतं म्हणून ती सवय परवडत होती.

आता चीनकडं वळतो, कारण आमच्याकडं जे तोंडी चाललं ते तिकडं कागदावर आलं. सोंग राजवटीत ली जिए नावाच्या अधिकाऱ्यानं ‘यिंगजाओ फाशी’ हा बांधकामाचा सरकारी ग्रंथ तयार केला आणि ११०३ साली तो छापला गेला. त्यामागं सौंदर्याची हौस नव्हती. सरकारी बांधकामांत लाकडाची आणि मजुरीची नासाडी होत होती, पैसा खाल्ला जात होता, त्याला आळा घालायचा होता. ली जिएनं उपाय केला तो मापाचा. एका प्रमाण लाकडाचा छेद ठरवला: उंची पंधरा भाग, रुंदी दहा भाग. अशा लाकडाच्या आठ प्रती ठरवल्या. मोठ्या दरबारी दालनाला पहिली प्रत, बागेतल्या छोट्या मंडपाला आठवी. एकदा प्रत ठरली की खांब, तुळई, हस्त, छपराचा उतार, सगळं त्या भागांच्या पटीत. मग कुठल्या इमारतीला किती लाकूड आणि किती दिवसांची मजुरी, हे आधीच सांगता येतं. पुढं १७३४ साली छिंग राजवटीनंही असाच नियमग्रंथ काढला. तिथं मापाचं एकक बदललं, पद्धत तीच राहिली.

चिनी घरही दोन खांबांमधल्या जागेनंच मोजत, आणि तिथंही विषम संख्येचाच मान. मिंग राजवटीत साध्या प्रजेला तीन खणांपेक्षा रुंद घर बांधायला मनाई होती. बीजिंगच्या राजवाड्यातलं सर्वांत मोठं दालन, जिथं बादशहाचे समारंभ होत, ते अकरा खणांचं आहे. म्हणजे खणांची संख्या ही तिथं माणसाची पायरीही होती. आमच्याकडं असा कायदा नव्हता, पण पाटलाच्या पुढं दोन खण जास्त काढायची हिंमत गावात कोणी केली नसती, हेही खरं.

ली जिएचं पुस्तक मधल्या काळात धूळ खात पडलं होतं. १९२५ साली ‘यिंगजाओ फाशी’ नव्यानं छापून निघालं आणि परदेशात वास्तुकला शिकत असलेल्या ल्यांग सिचंग या तरुणाला त्याच्या वडिलांनी त्याची प्रत पाठवली. त्यातले शब्द त्याला लागेनात. ते समजून घ्यायला तो आणि त्याची पत्नी लिन हुईयिन पुढं गावोगाव हिंडले, देवळांच्या माळ्यांवर चढून लाकडं मोजली, आणि म्हाताऱ्या सुतारांकडून नावं विचारून घेतली. १९३७ साली शान्शी प्रांतात त्यांना फोक्वांग मंदिराचं दालन सापडलं, ८५७ सालचं, लाकडाचं, उभं. त्याच प्रांतात यिंगशियनचा लाकडी पॅगोडा आहे, १०५६ सालचा, सदुसष्ट मीटर उंच. मी या दोघांबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्याकडं असं कोणी आलं नाही याचं फार वाईट वाटलं. आमच्या मिस्त्रींना विचारायला कोणी आलं असतं तर त्यांनी सगळं सांगितलं असतं. लिहिता येत नव्हतं त्यांना, पण लपवून ठेवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

चौकटीच्या घरात दुरुस्तीचा आणि हलवण्याचा गुण आहे, तसाच धक्का सोसण्याचाही. खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असतो, जमिनीत रोवलेला नसतो, म्हणून जमीन सरकली तर तो थोडा सरकतो. कुसू सालीत किंचित हलतो, मेख घासते, आणि त्या घासण्यात धक्क्याचा जोर जिरतो. तिएनजिनजवळ तूले मंदिरात ९८४ सालचं क्वानयिन दालन आहे. १६७९ सालचा भूकंप त्यानं सोसला आणि १९७६ सालचा तांगशानचाही, ज्यात लाखांवर माणसं गेली. चौकट उभी राहिली. भिंत पडली तरी घर पडत नाही, असं तिकडं सुतार म्हणतात ते यावरूनच.

आणि मग किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं गेली, हजारो माणसं दगडांखाली मेली. काही दिवसांनी मदतीच्या गाडीतून मी औसा तालुक्यात गेलो होतो. तिथं जे पाहिलं ते मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. अनेक घरांत खांब उभे होते, तुळया जागेवर होत्या, त्यांच्यावरचं माळवदसुद्धा होतं, आणि खाली चारी बाजूंनी दगडांचा ढीग. माणसं दबली होती ती भिंतींखाली. दोन-तीन हात, कुठं त्याहून जाड भिंती, आतून एक थर आणि बाहेरून एक थर, मध्ये माती आणि खडी. आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारा आरपार दगड कुठंच नव्हता. धक्का बसताच दोन्ही थर दोन दिशांना फुटले. जिथं खर्च वाचवायला भिंतीलगतचे खांब गाळून तुळयांची टोकं थेट भिंतीवर ठेवली होती, तिथं भिंतीबरोबर छपरही खाली आलं. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर घालत गेल्यानं माळवदं हातभर, कुठं त्याहूनही जाड झाली होती. ते ओझं कुणी कधी उतरवलं नव्हतं.

अभियंत्यांनी आपल्या अहवालांत लाकडी चौकटीची ही गोष्ट नोंदवली. पण ज्यांचे आप्त गेले त्यांच्या मनात जुन्या घराची एवढी भीती बसली, की जुनं ते सगळंच नको झालं. कोण त्यांना दोष देईल? पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, सिमेंटची, सरळ रस्त्यांची. मोडलेल्या घरांतला साग विकला गेला. त्या वर्षांपासून मराठवाड्याच्या जुन्या वाड्यांचे खांब, हस्त, दरवाजे गाड्या भरभरून पुण्या-मुंबईच्या जुन्या लाकडांच्या बाजारात गेले आणि तिथून हॉटेलांत, बंगल्यांत. मला त्यातला खांब ओळखू येतो. त्याच्या डोक्याला कुसू असतो आणि त्यावर पटाशीच्या खुणा. कोणत्या सालीतला तो, हे मात्र आता कळायला मार्ग नाही.

उकललेलं घर पुन्हा उभं राहू शकतं याचे मोठे दाखले आहेत. पुण्याला राजा केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे, तो कोथरूडहून सुटे भाग आणून तिथं उभा केला. चीनमधल्या ह्वांगछुन गावातलं ह्वांग घराण्याचं दोनशे वर्षांचं घर १९९७ साली उकललं, समुद्रापार अमेरिकेतल्या सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात नेलं आणि २००३ साली लोकांसाठी खुलं केलं. दोन्ही ठिकाणी जे शक्य झालं ते सांध्यांमुळं. काँक्रीटचं घर असं नेता येत नाही. त्याचा मलबाच होतो.

आमच्या बाजूला ही रीत मोडली ती भूकंपानं कमी आणि जंगलानं जास्त. निजामाच्या वनखात्यानं डोंगर राखीव करत नेले तशी माणसं बाहेर पडत गेली. १९४० साली जोडेघाटाच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कुमरम भीम मारला गेला, तो याच प्रश्नावर उठलेल्या लढ्यात. स्वातंत्र्यानंतर १९६४ साली महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबत कायदा आला आणि स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही परवानगी लागू लागली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात आदेश दिला आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात चालणाऱ्या आरामशिनी बंद करायला लावल्या. जंगल वाचायला हवंच होतं. मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. जंगलाची खरी तोड घरासाठी खांब नेणाऱ्या गोंडानं केली नव्हती, ती ठेक्यांनी आणि चोरट्यांनी केली होती. पण बंदी दोघांवर सारखीच आली. चोरट्यानं वाट काढली आणि सुतारानं हत्यारं पेटीत ठेवली. माझ्या वडिलांनी शेवटची वर्षं दारं-खिडक्यांच्या चौकटी करण्यात काढली.

आज आदिवासी कुटुंबाला शबरी योजनेतून घरकुल मिळतं. किमान क्षेत्र २६९ चौरस फूट, म्हणजे पंचवीस चौरस मीटर. किनवटच्या पोडांवर ही घरं मी पाहतो. विटा, वाळू, सिमेंट बाहेरून येतात, डोंगरावर चढवायचा खर्च वेगळा, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही. अनेक ठिकाणी घरकुलाच्या मागं कुडाची झोपडी उभी असते आणि घरचे दुपारी तिथं असतात. यावर सरकारला दोष देत बसण्यापेक्षा मी वडिलांच्या पद्धतीनं हिशेब मांडून पाहिला.

सहा फुटांचे तीन खण म्हणजे अठरा फूट लांबी. खोली पंधरा फूट धरली तर २७० चौरस फूट होतात. घरकुलाचं माप आमच्या तीन खणी घरात जसंच्या तसं बसतं. त्याला खांबांच्या चार रांगा, प्रत्येक रांगेत तीन, म्हणजे बारा खांब. पाच इंची चौरस, आठ फूट उंच. चार तुळया पंधरा फुटी, पाच बाय सहा इंच. तीन सर अठरा फुटी, चार बाय पाच. बेरीज केली तर सदतीस घनफुटांच्या आत येते, म्हणजे साधारण एक घनमीटर. वासे बांबूचे, भिंती कुडाच्या, वर कवेलू. एका कुटुंबाच्या घराला एक घनमीटर साग, तोही वनखात्याच्या लागवडीतल्या विरळणीचा चालेल, पाच इंची खांबाला जून झाड लागत नाही. खांब पुरायचे नाहीत, तळखड्यावर ठेवायचे, म्हणजे पोडावरच्या जुन्या घरांचं बुंधा कुजण्याचं दुखणं जातं. कुडाला आतून-बाहेरून लिंपलं तर पडून माणूस मारील एवढं वजन त्यात राहत नाही. पुढं पोराचं लग्न झालं, की चौथा खण जोडायचा. सराच्या टोकाला साल आधीच पाडून ठेवायची.

बांबूचा मार्गही आता मोकळा होत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हणून गावाच्या हक्कात आणलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २०११ साली तो हक्क प्रत्यक्षात मिळवून दाखवला. २०१७ साली जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळलं गेलं, त्यामुळं शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आता तो अडथळा नाही. मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू तरुणांनी बांबूची कामं शिकून घेतली, घरंसुद्धा. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेनं मातीच्या बांधकामावर अनेक वर्षं काम केलं आहे. किनवटात यातलं काही नव्यानं शोधायची गरज नाही.

अडचण आहे ती हातांची. कुड विणणारी माणसं पोडांवर अजून आहेत, बाया आहेत, पोरी आहेत. कुसू-साल पाडणारे मात्र फार थोडे उरले, आणि जे आहेत ते साठीच्या पुढं. हे काम फार अवघड नाही. सरळ रेघ मारता येणाऱ्या आणि हत्यार धारेवर ठेवणाऱ्या मुलाला मी ते एका हंगामात शिकवू शकतो, शिकवलं आहे. बारा खांब, चार तुळया, तीन सर यांची यादी आणि खुणांचा तक्ता मी मोठ्या कागदावर काढून ठेवला आहे. किनवटच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात तो द्यायचा आहे. पहिल्या चौकटीसाठी गोकुंद्याच्या दोन पोरांनी आणि बोधडीकडच्या एका पोडावरच्या तिघांनी हो म्हटलं आहे. लाकडाची परवानगी मिळाली की उन्हाळ्यात कुसू काढायला बसू, आणि कुड त्याच वेळी पोडावर विणून होतील.